ई-लग्नपत्रिका

ई-लग्नपत्रिका म्हणजे कागदावर न छापता संगणकावर किंवा मोबाइलवर तयार केलेली आणि संदेश, ई-मेल अथवा संकेतस्थळाच्या दुव्याद्वारे पाठविली जाणारी विवाहाची निमंत्रणपत्रिका होय. तिला डिजिटल लग्नपत्रिका किंवा इलेक्ट्रॉनिक विवाहपत्रिका असेही म्हणतात. चित्र, पीडीएफ, ध्वनिचित्रफीत आणि स्वतंत्र संकेतपृष्ठ ही तिची प्रचलित रूपे आहेत.

कागदाची बचत, कमी खर्च आणि तत्काळ वितरण या कारणांमुळे महाराष्ट्रात ई-लग्नपत्रिकेचा वापर वाढला आहे. मात्र मराठी समाजात लग्नपत्रिका हे केवळ माहिती देणारे पत्रक नाही. ती निमंत्रिताचा मान राखण्याचे साधन आहे, कुटुंबाचा जाहीर उल्लेख आहे आणि काही प्रसंगी शासकीय कामात उपयोगी पडणारा कागदही आहे. त्यामुळे छापील पत्रिकेऐवजी ई-पत्रिका निवडताना पर्यावरणाबरोबरच छापील पत्रिका करीत असलेल्या या इतर कामांचाही विचार करावा लागतो.

नाव व अर्थ

ज्योतिषशास्त्रात 'लग्न' म्हणजे विशिष्ट क्षणी पूर्व क्षितिजावर उदय पावणारी रास. विवाहाचा मुहूर्त या लग्नावरून ठरवीत असल्यामुळे 'लग्न' हा शब्द विवाहासाठी रूढ झाला. मुहूर्त लिहिलेल्या कागदालाही लग्नपत्रिका म्हणण्याची पद्धत भारताच्या अनेक भागांत आहे. मराठीत मात्र आज या शब्दाने प्रामुख्याने निमंत्रणपत्रिकेचाच बोध होतो. नुसता 'पत्रिका' हा शब्द मराठीत जन्मपत्रिकेसाठीही वापरतात. 'पत्रिका जुळविणे' आणि 'पत्रिका वाटणे' या दोन वाक्प्रयोगांतील पत्रिका त्यामुळे भिन्न आहेत. मंगलकार्याच्या पत्रिकेला कुंकू लावण्याच्या प्रथेवरून 'कुंकुमपत्रिका' असाही शब्द प्रचलित आहे.

निमंत्रणपत्रिका आणि विवाहवार्ता यांतही फरक आहे. पहिलीत उपस्थित राहण्याची विनंती असते, तर दुसरीत विवाह होणार असल्याचे किंवा झाल्याचे केवळ कळविलेले असते. नोंदणी पद्धतीने किंवा मोजक्या लोकांत विवाह करणारी कुटुंबे पुष्कळदा विवाहवार्ताच पाठवितात. ई-माध्यमात हा फरक शब्दांनीच स्पष्ट करावा लागतो. निमंत्रण नसलेल्यांनाही तेच चित्र अग्रेषित झाले, तर वार्ता आणि निमंत्रण यांची सरमिसळ होते.

पार्श्वभूमी

छपाईपूर्वीची निमंत्रणे

छापील पत्रिका येण्यापूर्वी विवाहाचे निमंत्रण प्रामुख्याने तोंडी दिले जात असे. घरातील वडीलधारी मंडळी आप्तांच्या घरी जाऊन अक्षत देत. अक्षत म्हणजे कुंकू लावलेले अखंड तांदूळ. ते हाती देणे हेच निमंत्रण मानले जाई. पहिली अक्षत गणपतीला, कुलदैवताला आणि ग्रामदैवताला देण्याची प्रथा आजही पाळली जाते. पुण्यात कसबा गणपती हे ग्रामदैवत असल्याने तेथे पहिले निमंत्रण ठेवण्याचा परिपाठ आहे.

ग्रामीण भागात जेवणाच्या निमंत्रणाला 'आवतण' म्हणतात. घरातील सर्वांना जेवायला बोलावले, म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही, अशा निमंत्रणाला 'चूलबंद आवतण' असे नाव आहे. घरातील एकालाच बोलावले आहे की सर्वांना, हे अशा शब्दांनी नेमके कळत असे. छापील पत्रिकेत हेच काम पाकिटावरील 'सहकुटुंब सहपरिवार' या शब्दांनी केले.

छापील पत्रिका

एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिळाछाप आणि खिळ्यांच्या छपाईचा प्रसार झाला. पंचांगे, पोथ्या आणि पुस्तके यांबरोबर किरकोळ कामेही छापखान्यांत होऊ लागली. पुढे गावोगावच्या लहान छापखान्यांना लग्नसराईतील पत्रिका हा उत्पन्नाचा एक मुख्य आधार ठरला. मुंबईत गिरगावातील खाडिलकर रस्ता आणि दिल्लीत चावडी बाजार या लग्नपत्रिकांच्या मोठ्या बाजारपेठा म्हणून ओळखल्या जातात. तयार नक्षीची कोरी पत्रिका निवडायची आणि तिच्यावर मजकूर छापून घ्यायचा, ही तेथील नेहमीची रीत आहे.

दूरच्या नातेवाइकांना पत्रिका टपालाने जात. उघड्या पाकिटातून 'बुक पोस्ट' या सवलतीच्या दराने त्या पाठविण्याची पद्धत अनेक दशके चालू होती. जवळच्या मंडळींना मात्र टपालाने पत्रिका पाठविणे कमीपणाचे समजले जाई. त्यांच्याकडे घरच्या माणसाने जाणे अपेक्षित असे.

तारेपासून मोबाइलपर्यंत

विवाहप्रसंगी विजेच्या साहाय्याने संदेश पाठविण्याची सवय भारतीय समाजाला तारेमुळे लागली होती. तार खात्याने शुभेच्छांसाठी क्रमांकित ठरावीक वाक्ये उपलब्ध करून दिली होती. पाठविणाऱ्याने क्रमांक सांगायचा आणि मिळणाऱ्याला पूर्ण वाक्य मिळायचे. मांडवात आलेल्या तारा वाचून दाखविल्या जात. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यानंतर परदेशातील आप्तांना ई-मेलने पत्रिकेची प्रत पाठविणे शक्य झाले. परंतु ही प्रत छापील पत्रिकेला पूरक असे. व्हॉट्सॲपचा प्रसार आणि २०१६ नंतर स्वस्त झालेला मोबाइल डेटा यांमुळे हे चित्र पालटले आणि छापील पत्रिकेचे छायाचित्र काढून पाठविणे सर्रास होऊ लागले. यापुढची पायरी म्हणजे केवळ पडद्यासाठीच तयार केलेली पत्रिका.

कोरोनाच्या साथीने या बदलाला वेग दिला. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली. पुढे विवाहसमारंभातील उपस्थितीवर ५० जणांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मधील आदेशानुसार महाराष्ट्रात विवाहासाठी २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. छापून झालेल्या पत्रिका तारखा बदलल्यामुळे निरुपयोगी ठरल्या, घरोघर जाणे अशक्य झाले आणि ऑनलाइन प्रक्षेपणाचा दुवा असलेली ई-पत्रिका हाच व्यवहार्य मार्ग उरला. निर्बंध उठल्यावर समारंभ पूर्ववत झाले, तरी ई-पत्रिकेची सवय टिकून राहिली.

मजकुराची रचना

मराठी लग्नपत्रिकेचा साचा बराच स्थिर आहे. आरंभी गणपती किंवा कुलदैवताचे नाव, त्यानंतर 'स. न. वि. वि.' म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' आणि पुढे 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी सुरुवात असते. वराच्या नावापूर्वी 'चि.' आणि वधूच्या नावापूर्वी 'चि. सौ. कां.' म्हणजे 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी' लिहितात. तिथी, वार, दिनांक, मुहूर्त व विवाहस्थळ यांनंतर 'अगत्य येण्याचे करावे' अशी विनंती येते. दिवंगत वडीलधाऱ्यांची नावे 'कै.' लावून आदराने दिली जातात. मुलांच्या तोंडी घातलेली, मामाच्या किंवा काकाच्या लग्नाला बोलावणारी लडिवाळ ओळही अनेक पत्रिकांत असते.

ग्रामीण भागातील पत्रिकांमध्ये निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक आणि भावकीतील मंडळी यांच्या नावांच्या लांबलचक याद्या असतात. यादीत नाव असणे आणि कितव्या क्रमांकावर असणे यालाही महत्त्व दिले जाते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर अशा याद्या बसत नाहीत. त्यामुळे ई-पत्रिकेत मुख्य पानावर वधूवर, आईवडील, दिनांक व स्थळ आणि पुढील पानांवर कुटुंबाची नावे अशी विभागणी करतात.

लिपी व टंक

ई-पत्रिकेसाठी वापरले जाणारे अनेक तयार साचे हिंदीसाठी बनविलेले असतात. मराठीतील 'ल' आणि 'श' या अक्षरांची वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाद्वारे मराठी वर्णमालेतील या अक्षरांची प्रमाणित रूपे निश्चित केली आहेत. 'लग्न' आणि 'शुभ' हे पत्रिकेतील दोन प्रमुख शब्द याच अक्षरांनी सुरू होत असल्याने हा फरक लगेच नजरेत भरतो. 'वऱ्हाडी' या शब्दातील 'ऱ्ह' सारखी जोडाक्षरेही काही टंकांत नीट उमटत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत तयार केलेला मजकूर संदेशात तसाच चिकटविल्यास त्याची निरर्थक अक्षरे होतात. मजकूर युनिकोडमध्ये लिहिणे आणि टंक पीडीएफमध्येच समाविष्ट करणे हा त्यावरील उपाय आहे.

प्रकार

चित्ररूप पत्रिका हा सर्वांत साधा व सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार आहे. ती कोणत्याही मोबाइलवर उघडते आणि कमी डेटा घेते. परंतु चित्रातील अक्षरे पडदावाचक सॉफ्टवेअरला वाचता येतीलच असे नाही. त्यामुळे दृष्टिबाधित निमंत्रितांसाठी सोबत तोच मजकूर संदेशरूपात लिहिणे आवश्यक ठरते.

पीडीएफ पत्रिकेत अनेक पाने, नकाशाचा दुवा आणि छपाईयोग्य स्पष्टता असते. ज्यांना कागदी प्रत हवी आहे, ते ती घरच्या घरी छापून घेऊ शकतात.

ध्वनिचित्रफितीच्या पत्रिकेत संगीत, छायाचित्रे आणि हलती नक्षी असते. ती आकर्षक दिसते, पण तिचा आकार मोठा असतो. तारीख व वेळ पुन्हा पाहायची झाल्यास संपूर्ण चित्रफीत पाहावी लागते.

संकेतपृष्ठाच्या रूपातील पत्रिकेत एकाच दुव्यावर सर्व कार्यक्रमांची माहिती, मार्ग, निवासाची सोय आणि उपस्थिती कळविण्याचा अर्ज असतो. परदेशातून येणाऱ्यांना प्रवासाची आखणी करण्यासाठी हा प्रकार सोयीचा असतो. मजकूर बदलल्यास सर्वांना अद्ययावत माहिती दिसते. चित्ररूप पत्रिकेत ही सोय नसते. चूक दुरुस्त करून नवी प्रत पाठविली, तरी जुनी प्रत गटागटांतून फिरत राहते. वेळ किंवा कार्यालय बदलले असेल, तर यातून मोठा घोटाळा होऊ शकतो.

मिश्र पद्धतीत मोजक्या छापील पत्रिका आणि इतरांसाठी ई-पत्रिका असे दोन्ही वापरतात. काही वेळा लहानशा कागदी पत्रिकेवर क्यूआर कोड छापून तपशील संकेतपृष्ठावर दिला जातो.

पर्यावरणीय बाजू

कागदाचा हिशोब

लग्नपत्रिकेतील कागद मोजण्यास सोपा आहे. ८० ग्रॅम प्रति चौरस मीटर जाडीच्या ए-४ आकाराच्या एका कागदाचे वजन ५ ग्रॅम असते. याच आकाराचा ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर जाडीचा कागद मधोमध दुमडून पत्रिका केली, तर तिचे वजन सुमारे १९ ग्रॅम भरते. तेवढ्याच कागदाचे १२० ग्रॅम जाडीचे पाकीट धरले, तर त्यात साडेसात ग्रॅमची भर पडते. अशा ५०० पत्रिकांना सुमारे १३ किलो कागद लागतो. पुठ्ठ्याची पेटी, आतील अनेक पाने आणि मिठाईची डबी असलेल्या पत्रिकेत हे वजन कितीतरी पटींनी वाढते.

'प्रत्येक पत्रिकेमागे झाड तोडले जाते' हे विधान मात्र पूर्णपणे अचूक नाही. भारतातील कागद गिरण्या लाकूड व बांबू, उसाचे चिपाड व गव्हाचा पेंढा यांसारखे शेतीतील अवशेष आणि रद्दी असा तीन प्रकारचा कच्चा माल वापरतात. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथील कागदउद्योग त्या परिसरातील बांबूच्या आधारावर उभा राहिला. गिरण्यांना लागणाऱ्या लाकडाचा मोठा भाग सुबाभूळ व निलगिरी यांसारख्या लागवडीतून येतो. तरीही कागदनिर्मितीत पाणी, रसायने आणि ऊर्जा मोठ्या प्रमाणावर खर्च होतात. एका दिवसानंतर निरुपयोगी होणाऱ्या वस्तूसाठी हा खर्च करावा का, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतोच.

प्लास्टिक व सजावट

पत्रिकेतील कागदापेक्षा त्यावरील सजावट पर्यावरणाला अधिक अडचणीची ठरते. प्लास्टिकचा पातळ थर, सोनेरी-चंदेरी पत्र्याची छपाई, मखमल, चमकी, मणी आणि डिंकाने चिकटविलेले भाग यांमुळे कागदाचा लगदा करणे कठीण होते. अशी पत्रिका रद्दीत दिली, तरी तिचा पुनर्वापर होण्याची शक्यता कमी असते.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. केंद्र शासनाने १२ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन सुधारणा नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून काही एकल-वापर प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. या यादीत मिठाईचे खोके, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांभोवती गुंडाळल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ आवरणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे छापील पत्रिका निवडली, तरी तिच्यावर असे आवरण घालणे नियमबाह्य ठरते.

देवतांची चित्रे

बहुतेक पत्रिकांवर गणपतीचे किंवा कुलदैवताचे चित्र असते. असा कागद रद्दीत देण्यास किंवा कचऱ्यात टाकण्यास अनेकांचे मन धजत नाही. त्यामुळे पत्रिका वर्षानुवर्षे कपाटात साठतात किंवा निर्माल्याबरोबर नदी-तलावात सोडल्या जातात. शाई व प्लास्टिकचा थर असलेला कागद पाण्यात गेल्याने प्रदूषणात भर पडते. ई-पत्रिकेत हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. छापील पत्रिकेत चित्राऐवजी देवतेचे केवळ नाव देणे किंवा साधी नक्षी वापरणे हा त्यावरील एक मार्ग आहे. काही घरांत चित्राचा भाग कापून तो पुस्तकातील खूण म्हणून वापरतात.

वाटपाचा प्रवास

कागदी आणि ई-पत्रिका यांची तुलना करताना वाटपासाठी होणारा प्रवास पुष्कळदा विसरला जातो. पेट्रोलच्या एका लिटरच्या ज्वलनातून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या मोटारीने पत्रिका वाटण्यासाठी एकूण ६०० किलोमीटर प्रवास झाला, तर ४० लिटर पेट्रोल लागते आणि सुमारे ९२ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळतो. कार्य जवळ आलेल्या घरात एवढा प्रवास अवाजवी नसतो. म्हणून ई-पत्रिकेमुळे होणाऱ्या बचतीत कागदाइतकाच, कधीकधी त्याहून अधिक, वाटा टळलेल्या फेऱ्यांचा असतो. छापील पत्रिका सोडून ई-पत्रिका केली आणि तरीही त्याच सर्व घरी मोटारीने जाऊन आमंत्रण दिले, तर बचत केवळ कागदापुरती उरते.

डिजिटल माध्यमाचा भार

ई-पत्रिका पूर्णपणे भारमुक्त नाही. संदेश साठविणारी विदाकेंद्रे, जाळ्यांची यंत्रणा आणि मोबाइल यांना वीज लागते. २०२४ मध्ये जगातील एकूण वीजवापरात विदाकेंद्रांचा वाटा सुमारे दीड टक्का होता. तथापि एका चित्ररूप पत्रिकेचा त्यातील अंश अत्यल्प असतो, कारण मोबाइल व जाळे आधीपासून वापरात असतात. चित्राचा आकार काहीशे किलोबाइट, तर ध्वनिचित्रफितीचा अनेक मेगाबाइट असू शकतो. तीच चित्रफीत शेकडो मोबाइलांवर उतरविली जाते व साठविली जाते. साधे चित्र किंवा लहान पीडीएफ हा म्हणूनच अधिक काटकसरीचा पर्याय आहे.

विवाहाच्या एकूण पर्यावरणीय भारात पत्रिकेचा हिस्सा लहान असतो. पाहुण्यांचा प्रवास, वाया जाणारे अन्न, वीज आणि सजावट यांचा भार त्याहून मोठा असतो. ई-पत्रिकेद्वारे उपस्थिती आधी कळविण्याची सोय केली, तर स्वयंपाकाचा अंदाज अचूक बांधता येतो आणि अन्नाची नासाडी टळू शकते. ई-पत्रिकेचा हा अप्रत्यक्ष लाभ कागदाच्या बचतीपेक्षाही मोलाचा ठरू शकतो.

कागदी पर्याय

ज्यांना कागदी पत्रिका हवी आहे, त्यांच्यासाठी पुनर्वापरित कागद, हातकागद आणि बियाणे घातलेला कागद हे पर्याय आहेत. पुण्यातील हातकागद संस्था १९४० मध्ये सुरू झाली. हातकागद प्रामुख्याने सुती कापडाच्या कातरणांपासून बनवितात, त्यामुळे त्यासाठी झाडे तोडावी लागत नाहीत. बियाण्याच्या कागदाचा उपयोग मात्र तो प्रत्यक्ष मातीत लावला, तरच होतो. दाराला लावता येणारे तोरण, दिनदर्शिका किंवा रुमालावर छापलेला मजकूर अशा, कार्यानंतरही वापरता येणाऱ्या पत्रिकाही काही कुटुंबे तयार करून घेतात.

सामाजिक बाजू

ई-पत्रिकेविषयीचा मुख्य आक्षेप मानपानाचा आहे. 'घरी येऊन अक्षत दिली नाही' ही तक्रार मराठी कुटुंबांत गंभीर मानली जाते. तिच्यावरून नात्यांत वर्षानुवर्षे अबोला राहिल्याची उदाहरणे समाजात आढळतात. व्हॉट्सॲपच्या गटावर एकदाच टाकलेली पत्रिका नेमकी कोणाला उद्देशून आहे, हे समजत नाही. पाकिटावर नाव लिहिण्याची कृती लहान असली, तरी ती निमंत्रिताला 'आपली आठवण ठेवली' हे सांगत असे. गटावरील निमंत्रणात हीच गोष्ट हरवते.

यामुळे ई-पत्रिका पाठविणारी अनेक कुटुंबे ती प्रत्येकाला स्वतंत्रपणे आणि नावानिशी पाठवितात. त्याआधी किंवा नंतर दूरध्वनी करून तोंडी आग्रह करतात. जवळच्या वडीलधाऱ्यांकडे पत्रिकेविना, केवळ अक्षत घेऊन जाण्याची रीतही पुन्हा दिसू लागली आहे. छापील पत्रिका येण्यापूर्वीची ही प्रथा ई-पत्रिकेमुळे एका अर्थाने परत आली आहे. माहिती देण्याचे काम मोबाइल करतो आणि बोलावण्याचे काम माणूस करतो.

दुसरा आक्षेप पोहोचीचा आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना पडद्यावरील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत किंवा ज्यांच्या गावात जाळे अनियमित आहे, अशांपर्यंत ई-पत्रिका पोहोचत नाही. यांत बहुधा कुटुंबातील सर्वांत वृद्ध माणसे असतात. मान राखण्याच्या दृष्टीने सर्वप्रथम निमंत्रण याच मंडळींना जाणे अपेक्षित असते.

ई-पत्रिकेच्या बाजूने मांडला जाणारा सामाजिक मुद्दा खर्चाचा आहे. पत्रिकेची किंमत व भपका हे प्रतिष्ठेचे प्रदर्शन बनल्याने मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबांवर, विशेषतः वधूपक्षावर, भार पडतो. सर्वांच्या मोबाइलवर सारख्याच आकारात दिसणारी पत्रिका ही चढाओढ काही प्रमाणात कमी करते. मात्र महागड्या ध्वनिचित्रफिती तयार करून घेण्याची नवी स्पर्धाही सुरू झाली आहे. दुसरीकडे लहान छापखाने, पाकिटे तयार करणारे कारागीर आणि पत्रिकांचे विक्रेते यांच्या हंगामी रोजगाराला या बदलाची झळ बसते. अनेक मुद्रकांनी यावर उपाय म्हणून छापील कामाबरोबर ई-पत्रिकेची जुळणी करून देण्याचे काम सुरू केले आहे.

कायदेशीर व कागदोपत्री उपयोग

महाराष्ट्रात विवाहनोंदणी 'महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८' नुसार होते. नोंदणीच्या अर्जासोबत वय व निवासाचे पुरावे, साक्षीदारांची माहिती यांबरोबर लग्नपत्रिकाही मागितली जाते. पत्रिका नसल्यास प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. म्हणून ई-पत्रिका करणाऱ्यांनी दिनांक, स्थळ आणि वधूवरांची पूर्ण नावे स्पष्ट असलेली छापण्यायोग्य प्रत जपून ठेवणे हितावह असते. नावे ओळखपत्रावरील नावांशी जुळणारी असावीत. केवळ टोपणनावे असलेली चित्रफीत या कामी उपयोगी पडत नाही.

लग्नपत्रिकेचा संबंध बालविवाह प्रतिबंधाशीही आहे. 'बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६' नुसार विवाहासाठी मुलीचे वय किमान १८ व मुलाचे २१ वर्षे असणे आवश्यक आहे. राजस्थानात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होणारे बालविवाह रोखण्यासाठी पत्रिकेवर वधूवरांची जन्मतारीख छापण्याच्या सूचना मुद्रकांना दिल्या जातात. महाराष्ट्रातही मुद्रक, मंगल कार्यालयांचे चालक आणि आचारी यांनी वयाची खात्री करून घ्यावी, असे आवाहन प्रशासनाकडून केले जाते. घरच्या घरी मोबाइलवर तयार केलेली पत्रिका मुद्रकाच्या नजरेखालून जात नाही. त्यामुळे दक्षतेचे एक ठिकाण कमी होते. अशा विवाहाची माहिती १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कोणालाही देता येते.

सुरक्षितता

ई-पत्रिकेच्या लोकप्रियतेचा गैरफायदा सायबर गुन्हेगारांनी घेतला आहे. अनोळखी क्रमांकावरून 'लग्नाला अवश्य या' अशा संदेशासह एक फाइल येते. ती दिसायला पत्रिका असली, तरी प्रत्यक्षात 'एपीके' प्रकारची, म्हणजे मोबाइलवर ॲप बसविणारी फाइल असते. ती उघडून परवानग्या दिल्यास मोबाइलमधील संदेश व बँकव्यवहारांचे संकेतांक गुन्हेगारांच्या हाती जाऊ शकतात. २०२४ पासून विविध राज्यांच्या पोलिसांनी याविषयी सावधगिरीच्या सूचना दिल्या आहेत. खरी पत्रिका चित्र, पीडीएफ किंवा चित्रफीत या स्वरूपात असते. ती पाहण्यासाठी वेगळे ॲप बसविण्याची गरज नसते. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदविता येते.

पाठविणाऱ्यानेही काळजी घेणे आवश्यक आहे. ई-पत्रिका कोणाकोणापर्यंत पोहोचेल यावर नियंत्रण राहत नाही. घराचा संपूर्ण पत्ता, अनेकांचे दूरध्वनी क्रमांक आणि घर कोणत्या वेळी रिकामे असेल हे सुचविणारा कार्यक्रम एकत्र प्रसिद्ध झाल्यास चोरीचा धोका वाढतो. आहेरासाठी पत्रिकेवर पैसे भरण्याचा क्यूआर कोड दिल्यास कोणी तो बदलून पत्रिका पुढे पाठविण्याची शक्यता असते. 'आहेर आणू नये' अशी विनंती करणाऱ्या पत्रिकांत हा प्रश्न येत नाही.

निवडीचे निकष

ई-लग्नपत्रिका निवडताना पुढील बाबींचा विचार केला जातो:

* निमंत्रितांची यादी तीन भागांत करणे: ज्यांच्याकडे प्रत्यक्ष जायचे ते, ज्यांना दूरध्वनी व ई-पत्रिका पुरेशी आहे ते आणि ज्यांना केवळ विवाहवार्ता कळवायची ते.
* देव्हाऱ्यात व कुलदैवतापुढे ठेवण्यासाठी, वृद्ध आप्तांसाठी आणि विवाहनोंदणीसाठी आवश्यक तेवढ्याच प्रती साध्या किंवा पुनर्वापरित कागदावर छापणे.
* ध्वनिचित्रफितीऐवजी कमी आकाराचे चित्र किंवा पीडीएफ वापरणे आणि दिनांक, वेळ, स्थळ हा तपशील संदेशातही लिहिणे.
* शुद्धलेखन, टंक, नावे व त्यांचा क्रम घरातील वडीलधाऱ्यांकडून पाठविण्यापूर्वीच तपासून घेणे.
* गटावर न टाकता प्रत्येकाला नावानिशी पाठविणे आणि निमंत्रण एकट्याचे आहे की सहकुटुंब, हे स्पष्ट लिहिणे.
* उपस्थिती कळविण्याची विनंती करणे व त्यानुसार स्वयंपाकाचे प्रमाण ठरविणे.
* प्रत्यक्ष आमंत्रणासाठी एका भागातील घरे एकाच फेरीत घेणे किंवा सार्वजनिक वाहनाने जाणे.

हे सुद्धा पहा

* विवाह
* अक्षता
* मुहूर्त
* हातकागद
* एकल-वापर प्लास्टिक
* विवाहनोंदणी
* बालविवाह
* सायबर गुन्हा